बडोद्यात धावायला सुरुवात करताय? पहिलं वर्ष कमाटीबागेत काढा

‘धावायला कुठून सुरुवात करू?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. पहिलं वर्ष एकाच बागेत धावा. मोठे रस्ते, पूल, पावागडचा डोंगर, मॅरेथॉन, सगळं नंतर. गेली आठ वर्षं आठवड्यातून चार दिवस मी कमाटीबागेत धावते. वाट तीच, वळण तेच, वड तोच, त्यामुळे जे बदललंय तेवढंच जाणवतं. आज हवा दमट आहे, की काल झोप नीट झाली नाही, की महिन्याभरात पायांत बळ आलंय, हे ओळखीच्या वाटेवर लगेच कळतं. रोज नवा रस्ता धरणाऱ्याला ते उमगायला फार वेळ लागतो.

बडोद्यात नवीन असाल तर थोडी ओळख करून देते. पाटीवर ‘सयाजीबाग’ असतं, पण बोलताना सगळे कमाटीबागच म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच सांगा. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १८७९ साली ही बाग झाली. पसारा ११३ एकरांचा. लागून विश्वामित्री नदी वाहते. आत म्युझियम, प्राणीसंग्रहालय, तारांगण, मुलांची छोटी आगगाडी असं सगळं आहे. मुख्य दरवाजा काळा घोड्यापाशी. काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. कुणाला भेटायचं असलं की ‘काळा घोड्याला ये’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

पहिले दोन आठवडे फक्त चाला

ही पायरी सगळ्यांना गाळायची असते. गाळू नका. रोज अर्धा तास भरभर चाला, आणि चालता चालता बाग पाहून घ्या. कुठं डांबरी रस्ता आहे, कुठं पेव्हर ब्लॉक उखडलेत, कुठल्या झाडाची मुळं वाटेवर आली आहेत, पाण्याचा नळ कुठं, स्वच्छतागृह कुठं, कुठला दरवाजा किती वाजता उघडतो. अंधारात पाय मुरगळतो तो या गोष्टी माहीत नसल्यामुळे.

वय चाळिशीपुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा काही त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर याच दोन आठवड्यांत डॉक्टरांना दाखवून या. चालताना छातीत दडपल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर धावण्याचा विचारही तपासणीनंतरच.

बूट घेताना

या छंदात खर्च करायचाच असेल तर तो बुटांवर करा. घड्याळ, टी-शर्ट, पट्टे, कशाचीही घाई नाही.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि धावतानाही ते सुजतात. ज्या मोज्यांत धावणार तेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. मी पहिला जोड सकाळी घाईघाईत घेतला होता. ‘वापरल्यावर सैल होतो’ असं दुकानदार म्हणाला आणि मी ऐकलं. दीड महिन्यात दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बूट लांबीला सैल होत नाही. दुकानात बोट टेकत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग कितीही सवलतीत मिळो.

सुती मोजे टाळा, घामानं भिजून फोड आणतात. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. वरून नवा दिसला तरी आतली गादी बसलेली असते, तेव्हा वहीत अंतर लिहीत जा.

एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला

आता खरी सुरुवात. पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करा. मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाला. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. पुढच्या आठवड्यात दीड मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. मग दोन-दोन. असं करत नवव्या-दहाव्या आठवड्याला बहुतेकांना अर्धा तास न थांबता धावता येतं. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, त्यात काही बिघडत नाही.

हळू म्हणजे किती हळू, हे मला घड्याळानं नाही, एका काकांनी शिकवलं. दांडिया बाजारातले, सत्तरीच्या घरातले, रोज बागेत चालायला येणारे. माझा पहिलाच महिना होता. म्युझियमच्या बाजूनं मी धापा टाकत त्यांच्या शेजारून गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “काय गं, आज घरी भाजी कुठली?” मला नुसता हात हलवता आला. पुढच्या फेरीला ते थांबून म्हणाले, “बाई, ‘दुधीची’ एवढं एक उत्तर देता येत नाही म्हणजे तू फार जोरात पळतेस. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.” त्या दिवसापासून माझं माप तेच आहे. पूर्ण वाक्य, मधे श्वास न तुटता. वाक्य तुटलं तर वेग कमी करा. त्यानंही जमत नसेल तर चाला.

क्रीडावैद्यकातही हीच कसोटी वापरतात. बोलता येईल अशा वेगात शरीर ऑक्सिजनच्या बळावर, बरीचशी चरबी जाळून चालतं. हृदय बळकट होतं, स्नायूंत रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. रोज धापा टाकत धावलं तर थकवा साठत जातो आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस बागेत यायचा बंद होतो. असे कितीतरी जण मी पाहिले आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवे कोरे बूट घालून येतात आणि संक्रांतीनंतर दिसत नाहीत. त्यांच्यात जिद्द कमी नसते, वेग जास्त असतो.

दम आधी येतो, हाडं मागून

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, आता जमलं. न थांबता पाच किलोमीटर होत होते, दम लागत नव्हता. एका आठवड्यात पाचाचे आठ केले, पुढच्या आठवड्यात दहा. पंधरा दिवसांत नडगीच्या आतल्या बाजूला अशी कळ लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. सहा आठवडे धावणं बंद झालं.

कारण साधं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं, स्नायुबंध आणि सांधे यांना महिने लागतात. दम टिकतोय म्हणून अंतर वाढवलं की ओझं हाडांवर येतं. म्हणून आठवड्याचं एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा. हा दहाचा आकडा काटेकोर नियम नव्हे, पण नव्या माणसाचं पाऊल आवरायला पुरतो.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही पायांच्या पोटऱ्या, मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दोन दिवसांत ओसरत असेल, तर ती नव्या कामाची ठणक आहे. एकाच पायात, एकाच ठिकाणी, बोटानं दाबल्यावर हाडावर कळ येत असेल, किंवा धावता धावता वाढत असेल, तर त्याच क्षणी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. गोळी घेऊन धावू नका.

आणखी दोन गोष्टी. पेव्हर ब्लॉकपेक्षा कडेच्या मातीवर धावा, पायाला हादरा कमी बसतो. आणि रोज एकाच दिशेनं फेऱ्या मारू नका. रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. एक पाय सतत खाली पडत राहिला की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला त्रास सुरू होतो. सोमवारी उजवीकडून, बुधवारी डावीकडून.

ऋतू पाहून धावणं

आमच्याकडे सूर्य उशिरा उगवतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास, जानेवारीत सव्वासात वाजतात. पूर्वेकडच्या गावांहून आलेल्यांना हिवाळ्यात सहाला बाहेर पडल्यावर ‘अजून रात्रच आहे’ असं वाटतं. तेव्हा वेळ घड्याळावर ठरवू नका, उजेडावर ठरवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. पहाटे थंडी असते, पण धूरही खाली साचलेला असतो. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकला की गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूर वर जात नाही. धुरकट वाटलं तर ऊन पडेपर्यंत थांबा किंवा रस्ता सोडून बागेच्या आतल्या भागात धावा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे नक्की पाळावं.

याच दिवसांत उत्तरायण येते. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, आणि नंतर दोन-तीन आठवडे झाडांवरून, तारांवरून मांजा लोंबत राहतो. काचेचा थर दिलेली ती दोरी पहाटेच्या उजेडात दिसत नाही. एका वर्षी माझ्या घोट्याला वेढा बसला. थांबून वाकले, तर मोज्याच्या वर बारीक लाल रेघ उमटली होती, एखाद्या पात्यानं ओढल्यासारखी. घोट्यावर निभावलं, तीच दोरी गळ्याच्या उंचीवर असती तर? त्या दिवसांत उजाडल्यावरच निघा, वेग कमी ठेवा, नजर वर-खाली फिरू द्या. वाटेतला मांजा दिसला की गुंडाळून कचऱ्यात टाका, तसाच पुढे जाऊ नका. त्यात अडकणारे पक्षी मी दर वर्षी पाहते. जखमी पक्षी दिसला तर गुजरातेत १९६२ या क्रमांकावर प्राण्यांची ॲम्ब्युलन्स मिळते.

मार्चपासून ऊन तापतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. उन्हाळ्यात धावू नये असं मी म्हणत नाही, पण शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्या. त्या काळात अंतर अर्धं करा. घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, आणि मग तोच वेग सोपा वाटतो. सातच्या आत आटपा. पाणी आदल्या दिवसापासून प्या, दाराबाहेर पडताना लिटरभर ढोसून उपयोग नाही. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे. तासापेक्षा जास्त धावणार असाल तर मीठ-साखरेचं पाणी बरोबर घ्या : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठात कमी-जास्त करू नका.

डोकं गरगरलं, मळमळलं, अंगावर काटा आला की सावलीत बसा, त्या दिवशीचं धावणं संपलं. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, पावलं वाकडी पडू लागली तर तो उष्माघात समजा. त्याला ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ असेल तर लावा, आणि कुणीतरी लगेच १०८ ला फोन करा. थंड करणं आधी, हलवणं नंतर.

पावसाळा मला सर्वांत अवघड वाटतो, उन्हाळ्यापेक्षाही. पारा उतरतो पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. जुलैत माझा वेग दर किलोमीटरला मिनिटभरानं घटतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, सगळी मेहनत वाया गेली. ऑक्टोबर उलटल्यावर त्याच वडापाशी, त्याच घड्याळात जुना वेग आपोआप परत आला. एकाच बागेत धावा असं मी म्हणते ते यासाठीही. फरक हवेचा होता हे मला त्या वाटेनंच दाखवलं. फरशीवर शेवाळ धरतं, तिथं चाला. वीज चमकत असेल तर झाडांची बाग ही सर्वांत वाईट जागा, त्या दिवशी घरीच व्यायाम करा.

नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणार असाल तर त्या आठवड्यात धावण्याचं अंतर निम्मं करा. तीन-तीन तास अनवाणी नाचल्यावर पोटऱ्या आणि टाचा आधीच दमलेल्या असतात. दसऱ्यानंतर टाच धरून येणारे ओळखीचे धावपटू मी दर वर्षी पाहते.

विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी

हे पाहुण्यांना खोटं वाटतं. भर वस्तीतून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पुष्कळ आहेत. हिवाळ्यात सकाळी ऊन खायला त्या काठावर येतात. पुलावरून पाहिल्या तर आधी चिखलाचा ओंडकाच वाटतो, मग डोळा दिसतो. माणूस पुलावर आणि मगर काठावर असली तर कुणालाच काही होत नाही. नियम एवढाच : नदीच्या काठाला उतरायचं नाही, पाय धुवायला नाही, फोटोसाठी तर नाहीच. उन्हाळ्यात माद्या काठावरच्या मातीत अंडी घालतात आणि राखण करतात, तेव्हा आणखी दूर राहा. पावसाळ्यात नदी फुगली की त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत येतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात हे अख्ख्या गावानं पाहिलं. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. पाणी त्या पातळीकडे चढतंय अशी बातमी आली की पाणी ओसरून चिखल साफ होईपर्यंत नदीलगतच्या वाटा सोडा. मगर रस्त्यावर दिसली तर वनखात्याला कळवा, हुसकावायला जाऊ नका.

त्यामानानं रोजचा प्रश्न कुत्र्यांचा. कुत्रं मागे लागलं की धावू नका, थांबा. डोळ्याला डोळा देऊ नका, हात खाली ठेवा, आणि हळूहळू चालत बाजूला व्हा. चावलंच, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सरकारी सयाजी हॉस्पिटल बागेपासून जवळ आहे. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

एकट्या धावणाऱ्या बायकांसाठी

बाग उजाडल्यावर कधीच रिकामी नसते, ही कमाटीबागेची मोठी सोय. तरी पहिले काही महिने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरवाजानं जा. चेहरे ओळखीचे होतात, आणि ओळखीचे चेहरे लक्ष ठेवतात. एकदा मी चार दिवस तापानं पडले होते. पाचव्या दिवशी रोज बाकावर बसणाऱ्या एका गुजराती बांनी लांबूनच विचारलं, “केम बेटा, देखाती नथी?” (काय गं, दिसत नाहीस?) नावही माहीत नसलेलं माणूस आपली वाट पाहत होतं. कानात एकच इअरफोन घाला, दुसरा कान मोकळा असू द्या. घरी किती वाजता परतणार ते सांगून निघा.

धावण्याआधी आणि नंतर

अर्ध्या तासासाठी आधी काही खायची गरज नाही. तासभर धावणार असाल तर अर्धा तास आधी एक केळं. परतल्यावर तासाभरात पोळी-भाजी, पोहे, उकडलेली अंडी, मोडाची उसळ, घरात असेल ते खा. रविवारी धावणं झाल्यावर सेव-उसळ खायची बडोद्याची रीत मी स्वतः मनापासून पाळते, फक्त वरचा तिखट तर्री-रस्सा लांब पल्ल्याच्या दिवशी कमी घ्यायला सांगते, कारण रिकाम्या, घामेजल्या पोटाला तो झेपत नाही.

वही ठेवा. तारीख, किती मिनिटं, हवा कशी, झोप किती, कुठं दुखलं. एका ओळीत मावतं.

बागेबाहेर पडताना

एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा झाला की वाटा बदला. पोलो ग्राउंडची माती पायाला मऊ. सूरसागर तलावाच्या भोवती पदपथावर फेऱ्या मारायला पहाटे बरं वाटतं, मधे १११ फुटी महादेव उभे असतात, पण सात वाजले की वाहतूक सुरू होते. अकोटा–दांडिया बाजार पुलावर चढाचा सराव होतो. आमचं गाव सपाट आहे, चढ म्हणजे पूलच. मोठ्या उड्डाणपुलांवर मात्र धावू नका, तिथं पायी माणसासाठी जागा नाही. रस्त्यावर धावताना वाहनांच्या तोंडासमोरून या, पाठ देऊन नको. कपडे फिकट किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे.

मॅरेथॉनच्या दिवसाची ओढ लागली तर पहिल्या वर्षी पाच किंवा दहा किलोमीटर. एकवीस दुसऱ्या वर्षी.

आणि मग पावागड. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, सुमारे ८०० मीटर उंच, पायथ्याला चांपानेर, जे २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण जिच्याशेजारी वर्षभर धावतो ती विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. नवरात्र सोडून, हिवाळ्यात, पहाटे जा. पायथ्यापासून माचीपर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यापर्यंत, जुन्या दगडी वाटेनं आणि पुढे पायऱ्यांनी कालिका मातेपर्यंत चढताना धावायचा हट्ट नको. हात मांडीवर टेकवून, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगानं चाला. चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी जास्त लागते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दोन दिवसांनी तेच सर्वांत जास्त दुखतात. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, घाम आणि दव यांनी ओल्या झालेल्या पायऱ्यांवर कडेनं उतरा. माचीला बसून मीठ-साखरेचं पाणी प्या आणि निवांत खाली या.

दुसऱ्या दिवशी धावू नका. कमाटीबागेत चालायला या.